कुंपणाच्या खांबातलं बारसं

व्हेनेझुएलात यानोस नावाचा अफाट गवताळ मुलूख आहे. पावसाळ्यात पाण्याने तुडुंब, उन्हाळ्यात भेगाळलेला. गुरं, तारेची कुंपणं, मधूनच ताडांचे पुंजके. तिथल्या कुंपणाच्या पोकळ खांबात एक पोपट घर करतो. ग्रीन-रम्प्ड पॅरटलेट, म्हणजे फॉर्पस पॅसेरिनस. लांबी जेमतेम 12 सेंटीमीटर. आपल्या चिमणीहूनही लहान. अंग हिरवंगार, नराच्या पंखावर निळाई, मादीच्या कपाळाला पिवळसर झाक. या पक्ष्याचा मला लळा लागला तो त्याच्या संसारामुळे.

पहिलं अंडं घातल्यापासूनच मादी उबवायला बसते. मग एकेक करत 5 ते 10 अंडी होतात, त्यामुळे पिल्लंही एकदम बाहेर येत नाहीत. थोरल्या-धाकट्यात कधी कधी दोन आठवड्यांचं अंतर पडतं. त्या अंधाऱ्या पोकळीत थोरल्याला पिसं फुटू लागलेली असतात, आणि शेंडेफळ अजून उघडंवाघडं, डोळे मिटलेलं. बाप पुढे सरसावणाऱ्या मोठ्यांना भरवतो. आई मात्र मागे चेपल्या गेलेल्या लहानग्याची चोच शोधून त्यात घास घालते. तरीही मोठ्या विणीतली शेवटची पिल्लं पुष्कळदा जगत नाहीत. आई एवढं करते आणि तरी ती जातात, हे वाचताना जीव गलबलतो.

अंडी उबवताना मादीचं पोट नरावर असतं. तो बिया गिळून येतो, जवळच्या तारेवर बसतो आणि एक बारीक, चिरका स्वर काढतो. आजूबाजूला इतर नरही ओरडत असतात. आतली मादी त्या गलक्यातून आपल्या जोडीदाराचा आवाज ओळखते आणि बाहेर येते. तो चोचीत चोच घालून तिला भरवतो. प्रत्येक पक्ष्याची हाक वेगळी, स्वतःची असते.

ही हाक येते कुठून? ग्वारिको राज्यातल्या आतो मसाग्वाराल या गुरांच्या रँचवर स्टीव्हन बायसिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पोपटांसाठी कृत्रिम घरटी बसवून अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्यापैकी कार्ल बर्ग यांनी घरट्यांत कॅमेरे आणि मायक्रोफोन लावले. काही घरट्यांतली अंडी त्यांनी आपसांत बदलली. हाक रक्तातून येत असेल, तर पिल्लांनी जन्मदात्यांसारखी हाक द्यायला हवी होती. 2011 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा निघाला. पिल्लांची हाक जुळली ती त्यांना वाढवणाऱ्या आईबापांशी. पिल्लाला स्वतःची हाक फुटण्याआधीच आईबाप त्याच्याभोवती विशिष्ट सूर काढत राहतात. पिल्लू तो उचलतं, त्यात थोडा फरक करतं आणि तीच त्याची ओळख होते. घरट्यातलं हे बारसंच म्हणायचं, पाळणा आणि आत्याबाईंवाचून झालेलं.

पुढे ही पिल्लं थव्यात जातात, आणि तिथे या हाकेवरूनच एकमेकांना ओळखतात.

या पोपटाचे जवळचे भाऊबंद पिंजऱ्यासाठी वाढवले आणि विकले जातात, आपल्याकडेसुद्धा. त्यांचाही जीव जोडीदारात आणि सोबतीतच असतो. तेव्हा विनंती एवढीच: बोलायला शिकवू या हौसेपायी यांपैकी एखादा एकटा पक्षी कृपा करून घरी आणू नका.