दगडाखालची वस्ती

रामलिंगच्या ओढ्यातला एक गोटा सहज उलटा केला, तर त्याच्या पोटाला वाळूची एक नळी चिकटलेली. तांदळाच्या दाण्याएवढी. वाळूचा एकेक कण निवडून रेशमाने सांधलेला, आणि आत कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी. श्रावणात येडशीच्या या रामलिंगला लोक महादेवाला येतात, धबधबा बघतात, माकडांना फुटाणे देतात. माझी नजर आता पाण्याच्या तळाशीच जाते.

जिथं पाणी खळखळतं, तिथं काळ्या दगडांवर शेवाळाचा पातळ थर धरतो. तो खरवडून खाणारी मेफ्लाय किड्याची पिल्लं अंगाने चपटी, प्रवाह वरून निसटून जावा अशी. काही कॅडिस अळ्या घर बांधतच नाहीत. दोन दगडांच्या फटीत जाळं विणतात आणि वाहत येईल ते खातात. चार पावलांवर डोह. तळाला गाळ, प्राणवायू कमी. तिथं लाल अळ्या राहतात, माणसाच्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन अंगात बाळगून. कडेला कुजक्या पानांत चतुराची पिल्लं दबा धरून असतात. पाणी एकच, पण तळ बदलला की बिऱ्हाडं बदलतात.

लहानपणी तेरणा नदीत चुलत्यांबरोबर, नानांबरोबर, खेकडे धरायला जायचो. पहिल्या पावसाचा गढूळपणा ओसरला की रात्री कंदील घेऊन निघायचं. नाना पुढे, मी पिशवी धरून मागे. नाना दगड हलकेच एका अंगाने उचलायचे, हात आत घालायचे आणि नांग्या चुकवून खेकडा मागून धरायचे. पोटाला पिल्लं असली की सोडून द्यायचे. मग दगड होता तसाच, त्याच खाचेत, तीच बाजू खाली करून बसवायचे. मला घाई असायची. पुढच्या दगडाखाली मोठा असेल असं वाटायचं. ‘‘ठिव आधी नीट. त्येचं घर हाय त्ये,’’ नाना म्हणायचे. घरी आई खेकडे पाट्यावर वाटून, कापडातून गाळून, काळ्या मसाल्याचं कालवण करायची. भाकरी कुस्करून खाल्लेल्या त्या कालवणाची चव मला अजून कुठल्या खाणावळीत सापडलेली नाही.

आपले बहुतेक ओढे बारमाही नाहीत. होळीच्या आसपास वरचं पाणी आटतं, पण गोट्यांच्या आणि वाळूच्या फटींत ओल टिकते. बारीक अळ्या त्या ओलीत खाली उतरतात. काही गोगलगायी शंखाचं झाकण लावून घेतात, कुणाची अंडी मातीत पावसाची वाट पाहतात. मृगात पाणी आलं की वस्ती तिथूनच पुन्हा उभी राहते. फटी गाळाने बुजल्या किंवा वाळू उपसून नेली, की तो आसराच जातो.

नळदुर्गला बोरी नदीवर आदिलशाहीतला बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल. लोक नर-मादी धबधबे बघून परततात. मला तिथं भिंतीच्या दोन बाजू दिसतात: वर संथ, साचलेलं पाणी, खाली कोसळतं, खडकावर फुटणारं. एका बाजूचं बिऱ्हाड दुसरीकडे सहसा तगत नाही.

टँकरच्या रांगेत घागर घेऊन मीही उभा राहिलो आहे, त्यामुळे ओढा खोल करू नका असं मी म्हणणार नाही. जलयुक्त शिवार योजनेत रुंद झालेल्या नाल्यांनी विहिरींना पाणी दिलं, हे मी आनंदाने सांगतो. पण टोकापासून टोकापर्यंत सपाट खणलेल्या नाल्यात गोटा उरत नाही, खळखळ उरत नाही. उरतो तो गाळाचा एकसारखा तळ आणि त्यात तगणारे मोजकेच जीव. शेवाळ खाणारे गेले, पानं कुरतडणारे गेले, की त्यांच्यावर जगणारे मासे आणि पाखरंही कमी होतात.

म्हणून गावोगावच्या मंडळींना माझी विनंती आहे. यंदा जेसीबी ओढ्यात उतरेल, तेव्हा खळखळत्या पाण्याचा निदान एक टप्पा तसाच सोडा, आणि काढलेले गोटे बांधावर न टाकता पात्रातच परत ठेवा.