‘रन’ची नोंद

इंग्रजी–मराठी कोशाच्या कामात लांबलचक, विद्वत्ताप्रचुर शब्द लवकर हातावेगळे होतात. घाम काढतात ती पहिल्या इयत्तांतली क्रियापदं: गेट, सेट, टेक, रन. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या फेरतपासणीत ‘रन’ पुढे गेलं. संपादक पीटर गिलिव्हर सुमारे नऊ महिने त्या एका क्रियापदात गुंतले होते. अर्थ निघाले ६४५.

आमचा कोश विद्यार्थ्यांसाठी आहे. एवढे अर्थ त्यात मावणार नाहीत, मावूही नयेत. पण ‘धावणे, पळणे, वाहणे, चालणे’ असे प्रतिशब्द ओळीने मांडले की नोंद झाली, हे मला पटत नाही. मुलाने त्यातला कुठला उचलायचा?

वाक्यांच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या की मी आधी कर्ता बघतो. बस, घड्याळ, यंत्र यांचा ढीग पटकन होतो. मराठीत ती सगळी चालतात. पातळ पदार्थांचा ढीग मात्र फसवा. इंग्रजीला नळ, नाक आणि धुण्यातला रंग जवळजवळ सारखेच. आपल्याकडे नळ वाहतो, नाक वाहतं, पण कापडाचा रंग जातो. तेवढ्यानंही भागत नाही, कारण उन्हानं विटलेला रंगही ‘गेला’च. म्हणून उदाहरणात लाल सदरा हवा आणि त्याच बादलीत भिजवलेला पांढरा बनियनही हवा. याचा रंग त्याला लागला, हे वाचलं की अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यासाठी दोन ओळी जास्त गेल्या तर जाऊ देत. जागेसाठी मी प्रकाशकाशी भांडेन.

निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडमधला आपल्यासारखा उभा राहतो. तेव्हा धावण्याच्या नोंदीत ‘उभे राहणे’ छापायचं, बिनधास्त.

राहिला क्रम. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत निघाला, तेव्हा मुंबई–ठाणे आगगाडी सुटायला सहा वर्षं होती. यंत्रं आली आणि या क्रियापदाचा पसारा वाढला. आज मुलांना ते संगणकावरच जास्त भेटतं. म्हणून पायांनी धावण्यानंतर मी लगेच प्रोग्रॅम चालवणं घेतलं आहे. नदी त्याच्या खाली.