कूलरचा पंप घरी उघडतो, मग डिशवॉशरचा काहून नाही?

राजेहो, एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी एकच कार्यक्रम असतो. कूलर बाहेर काढायचा, ताट्या बदलायच्या आणि पंप पाणी फेकत नसेल तर तो उघडून बघायचा. आत शेवाळ नाहीतर खसचा तुकडा अडकलेला असतो. तो काढला की पंप सुरू. नाहीच झाला, तर नवा पंप चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. यासाठी कोणी कंपनीला फोन लावत नाही.

आता डिशवॉशरकडे या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भांडेवाल्या बाईंचं येणं बंद झालं आणि बऱ्याच घरांत ही मशीन आली. तेव्हाच्या मशिनींची वॉरंटी आता संपली आहे. ओळखीच्या लोकांकडून एक तक्रार सारखी कानावर येते. भांडी धुतली जातात, पण घाण पाणी बाहेर जात नाही, तळाशी साचून राहतं.

आमच्याकडेही तेच झालं. कंपनीचा माणूस आला. त्यानं दार उघडलं, पाणी बघितलं आणि निकाल दिला, "ड्रेन पंप गेला साहेब. पार्ट कधी येईल सांगता येत नाही. त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये नवीन घेऊन टाका." एक स्क्रू खोलला नाही, व्हिजिट चार्ज मात्र घेतला.

मग मोहल्ल्यातल्या मेकॅनिकला बोलावलं. कूलर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा माणूस. त्यानं मशीन सुरू करून नुसता कान लावला. म्हणाला, "भाऊ, पंप मेला असता तं बहुतेक आवाजच नसता आला. हा गुरगुरून राह्यला. म्हणजे आत काहीतरी अडकलं आहे."

त्यानं काय केलं ते नीट सांगतो, तुमच्या कामी येईल. आधी प्लग काढला. साचलेलं पाणी मग्यानं आणि फडक्यानं उपसलं. तळातली जाळी फिरवून काढली. तिच्यावर तर्रीच्या तेलाचा थर आणि शितं. ती गरम पाण्यात, जुन्या टूथब्रशनं धुतली. मग मागचा पाइप तपासला, भिंतीला दाबून मुडपला तर नाही ना. सिंकखाली जिथं तो जोडलेला असतो, ते तोंडही मोकळं करून घेतलं. शेवटी जाळीखालचं पंपाचं झाकण काढलं. आत छोटं पंख्यासारखं चाक असतं, त्यात फुटलेल्या ग्लासचा तुकडा अडकला होता. तो त्यानं चिमट्यानं काढला, कारण तिथं बोट घातलं तर कापतं. चाक काडीनं फिरवून पाहिलं. मशीन लावली आणि पाणी भसाभसा बाहेर पडलं. वीस मिनिटांचं काम होतं.

आता सांगा, गेला होता तो पंप कुठं होता?

हा प्रश्न एका माणसाच्या कामचुकारपणाचा नाही. कूलरच्या धंद्यात पार्ट उघड्यावर मिळतो, म्हणून कोणी गिऱ्हाइकाला सहज फसवू शकत नाही. डिशवॉशरचा पार्ट कंपनीच्या हाती, माहितीही कंपनीच्याच हाती. मग आपण ऐकून घेतो आणि चांगली मशीन भंगारात जाते.

युरोपियन युनियननं याचा नियम केला. मार्च 2021 पासून तिथं डिशवॉशर कंपन्यांना, मॉडेलची विक्री थांबल्यावरही ड्रेन पंप किमान 7 वर्षं दुरुस्ती कारागिरांना पुरवावा लागतो. पाणी निघायची जाळी तर 10 वर्षं, तीही थेट ग्राहकाला. ऑर्डर दिल्यावर 15 कामकाजाच्या दिवसांत पार्ट पोचला पाहिजे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, गाड्या आणि घरगुती उपकरणं आहेत. पाऊल चांगलं आहे, पण पार्ट इतकी वर्षं ठेवाच, असं युरोपसारखं बंधन त्यात नाही. पोर्टलवर नाव असणं वेगळं आणि सक्करदऱ्याच्या मेकॅनिकच्या हातात पंप पडणं वेगळं.

तोपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करा. पार्ट खराब आहे म्हटलं, तर उघडून दाखवा म्हणा. जुना पार्ट परत मागा. व्हिजिट चार्जचं पक्कं बिल घ्या. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. दाद मिळाली नाही तर 1915 वर फोन लावा. त्यानंतरही जिल्हा ग्राहक आयोग आहेच, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

आणि हो, मोहल्ल्यातल्या मेकॅनिकला घासाघीस न करता पैसे द्या. तो टिकला तरच पुढच्या वेळी मशिनीला कान लावायला कोणी असेल.