मळखाऊ जग

मामाचं लाइटमीटर माझ्याकडे आलं तेव्हा त्याची सुई अजून जिवंत होती. सेलेनियमचं मीटर, बॅटरीची भानगडच नाही. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या काचेवर उजेड पडला की आतला सेल स्वतःच चिमूटभर वीज तयार करतो. खिशातून बाहेर काढलं की सुई दचकायची.

तिच्याच भरवशावर मी पहिल्यांदा वारीचे फोटो काढले. दिवे घाट, ज्येष्ठाच्या अखेरचं भरून आलेलं आभाळ. एका म्हाताऱ्या वारकऱ्याच्या धोतराजवळ मीटर नेलं आणि सुईने सांगितलं तेवढंच एक्स्पोजर दिलं. रोल धुऊन आला तर धोतर राखेत लोळवल्यासारखं करडं, आणि टोपीखाली चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

मामाने प्रिंट डोळ्यांजवळ नेली. "तिला काय ठाऊक हे धोतर आहे ते? तिला सगळं जग मळखाऊच वाटतं."

मीटरचं याहून नेमकं वर्णन मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. फोटोग्राफर वापरतात ते करडं कार्ड पडलेल्या उजेडापैकी 18 टक्के परत पाठवतं. मीटरही समोरची वस्तू साधारण तशीच धरून चालतं. धुतलेलं पांढरं कापड त्याच्या चौपटीहून जास्त उजेड परतवतं, म्हणजे दोन स्टॉप आपण वाढवून द्यायचे. कोळसा दाखवलात तर तोही करडा करून ठेवेल. तिथे कमी करायचे.

अन्सेल ॲडम्सचा 1941 मधला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझचा फोटो प्रसिद्ध आहे. दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन विझत आलेलं, वर चंद्र, आणि मीटर सापडेना! पण चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती: चौरस फुटाला 250 कँडल. तेवढ्यावरून हिशेब करून त्याने शटर दाबलं. दुसरी प्लेट घेईपर्यंत ऊन गेलेलं. लोक याला प्रतिभा म्हणतात. मला ती पाढे पाठ असलेल्या माणसाची करामत वाटते. चंद्र म्हणजे तरी काय, उन्हात पडलेला दगडच.

मामाला चंद्राचं माप ठाऊक नव्हतं. त्याचा हिशेब तळहाताचा. "ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर पडतोय त्याच उजेडात हात धर, तळव्यावर माप घे, एक स्टॉप वाढव. माणूस कितीही सावळा असो, तळवा फारसा फसवत नाही."

पुढच्या वर्षी पुन्हा तोच घाट. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी डावा हात पसरला, उजव्या हाताने मीटर तळव्याजवळ नेलं. दिंडीतून एक आजी वाकल्या. "घे माउली," म्हणाल्या आणि मूठभर साखरफुटाणे हातावर ठेवून टाळांच्या गजरात पुढे निघून गेल्या.

सुई टुणकन पुढे सरकली. फुटाणे खाल्ले, हात पुसला आणि पुन्हा माप घेतलं.