आमची सही

पांढरकवड्यास आमच्या माडीवर नागपूर-हैदराबाद रस्त्यावरील मालमोटारींचा आवाज रात्रभर ऐकूं येतो. त्या आवाजांत बसून आम्ही दुसऱ्यांनीं लिहिलेला कोड तपासतों, असें सांगितलें कीं पाहुणे गोंधळून चहाकडे वळतात.

नेटवर्क कार्ड आणि संगणक यांमध्यें दुभाष्याचें काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. केबल जोडतांच दोन्ही टोकें आपापल्या वेगांची यादी एकमेकांस कळवितात, आणि दोघांनाही झेपेल असा सर्वांत मोठा वेग ठरतो. पत्रिका जुळविण्याच्या मानानें हें फारच लवकर, चार-दोन सेकंदांत उरकतें. पूर्वीं हे वेग १०, १००, १००० मेगाबिट असे दहापटीनें चढत. २०१६ सालीं २५०० व ५००० यांचें मानक मंजूर झालें, आणि भिंतींत पुरलेल्या जुन्या केबलींवरच अडीचपट वेग मिळण्याची सोय झाली. जुन्या ड्रायव्हरांस मात्र हे मधले आंकडे शिकवावे लागले.

असाच एक बदल एका तरुण सहकाऱ्यानें आमच्याकडे धाडला. अवघ्या वीस ओळी. एक रिकामी ओळ काढावयास आम्हीं त्याला बजावलें आणि 'तपासलें' म्हणून खालीं नांव घातलें. त्यानें कार्डाच्या यादींत २५०० हा आंकडा घातला होता. परंतु जोडणी झाल्यावर प्रत्यक्ष वेग वाचणारा जो भाग, तो १००० वरच थांबलेला होता. तेथून उत्तर येई, 'अज्ञात'. तो भाग बदललेल्या ओळींत नव्हता, म्हणून आम्हीं पाहिला नाहीं. जें बदलावयाचें राहिलें तें पाहण्यासाठींच तर आम्हांस नेमलें होतें!

पुढें एके ठिकाणीं दोन केबलींची जोडी करावयाची होती. अज्ञात वेगाच्या वाटेस जोडींत कोण घेणार? दोन दिवस शोध चालला. बैठकींत त्या मुलास चारचौघांत बोलणीं खावीं लागलीं. पडद्यावर त्याच्या नांवाखालीं आमचें नांव स्पष्ट दिसत होतें. त्यानें तें उच्चारलें नाहीं. आम्हींही नाहीं.

रात्रीं घरांत हकीकत सांगितली. भाकरी वाढतां वाढतां तिनें एवढेंच विचारलें, "मग तुमची सही कशाला होती?" लिनक्सच्या नियमांत अशा सहीचा अर्थ दिलेला आहे: बदल उपयुक्त आहे व त्याच्या आड येईल असा ज्ञात दोष नाहीं, असें आपलें मत. तो नीट चालेलच अशी हमी मात्र नव्हे. या शेवटल्या वाक्याच्या आडोशास आम्ही दिवसभर बसलों होतों.

सकाळीं सर्वांस पत्र लिहून चूक आमचीही असल्याचें कळविलें. सायंकाळीं मुलाची दुरुस्ती आली, दोनच ओळी. या वेळीं आम्हीं संपूर्ण फाईल उघडली आणि वेगाचा उल्लेख असेल तेथें तेथें खूण केली. सातव्या खुणेपाशीं आणखी एक १००० अडून बसलेला सांपडला. लागलीच फोन केला.

"सर, साडेअकरा वाजले," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. तूं फाईल उघड, दोघे मिळून पाहूं."