बायोडाट्यातील एक ओळ

विवाहयोग्य मुलीच्या बायोडाट्यात 'व्यवसाय' या शब्दापुढे एकच ओळ असते. उंची, जन्मवेळ, मामांचे गाव आणि काकांची पेढी यांना मिळते तेवढीही जागा तिला मिळत नाही. तरीही नगरच्या एका घरात या एका ओळीने वर्षभर ठाण मांडले आणि घरातील प्रत्येकाला आपले मत पुन्हा एकदा तपासून पाहायला लावले.

आडते बाजारात या घराचे तीन पिढ्यांचे भुसार मालाचे दुकान आहे. थोरली मुलगी बी. कॉम. झाली आणि पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात लागली. परदेशी कंपन्यांची खरेदीची बिले मागणीपत्राशी ताडून पाहायची, जुळली तर पुढे पाठवायची, न जुळली तर तांबडी खूण करायची, हे तिचे काम. महिना चौतीस हजार पगार, जाण्यायेण्याला कंपनीची गाडी. बायोडाट्यात त्या वेळी लिहिले होते, 'पुणे येथे नामांकित कंपनीत नोकरी'. ती ओळ वाचून कोणी कधी शंका काढली नाही.

नोकरीत काहीच वाईट नव्हते आणि त्यामुळेच आपल्याला काय खुपते, हे तिला कोणाला सांगता येत नव्हते. वरिष्ठ रागावत नसत. पगार वेळेवर जमा होई. पण ज्या मालाची बिले ती सहा वर्षे तपासत होती, तो माल तिने एकदाही पाहिला नव्हता. पप्पा मूठभर तांदूळ हातात घेऊन तो नवा की जुना, हे सांगत. तिच्या पडद्यावरून जाणारा माल लोखंड होता की लोणी, याचाही तिला पत्ता नसे. दर शुक्रवारी ती एक तक्ता तयार करून अकरा जणांना पाठवी. एकदा जुने कागद चाळताना तिच्या लक्षात आले, की सलग नऊ आठवडे आपण चुकून एकच जुना तक्ता पाठवत आलो आहोत. तिला घाम फुटला. चूक कबूल करून तिने सर्वांना पत्र लिहिले. एकाचेही उत्तर आले नाही. कोणी रागावले असते तर तिला बरे वाटले असते. त्या रात्री तिला पहिल्यांदा जाणवले, की आपली चूक जिथे कोणाला कळत नाही, तिथे आपले चांगले कामही कोणाला कळत नसणार.

त्याच वर्षी दादी पडल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि दोन महिने अंथरुण आले. पाठीवर पडून राहिल्याने त्यांच्या लांब केसांचा मागच्या बाजूला जटेसारखा गुंता झाला. देखभालीसाठी ठेवलेल्या बाईंनी केस कापून टाकण्याचा सल्ला दिला. दादींनी नुसते तोंड भिंतीकडे वळवले. मुलगी दहा दिवसांची रजा काढून आली होती. तिने खोबरेल तेल आणि मोठ्या दातांची फणी घेतली. टोकापासून सुरुवात करून एकेक बट सोडवत ती मुळाकडे गेली. तीन दुपारी त्यातच गेल्या. मग तिने केस धुतले, नखे कापली, टाचा स्वच्छ करून तेल लावले. चौथ्या दिवशी दादींनी आरसा मागितला. मग धुतलेली साडी मागितली. दोन महिन्यांत प्रथमच त्या उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आता कोणी भेटायला आलं तर आत येऊ द्या."

पुण्याला परतल्यावर मुलीने राजीनामा दिला नाही. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेली मुलगी हातातले सोडण्याआधी पुढचे चाचपून पाहते. आठ महिने तिने फक्त रविवारचे प्रशिक्षणवर्ग केले, पगारातून एक लाख सत्तर हजार रुपये बाजूला ठेवले आणि मगच घरी विषय काढला.

मम्मी म्हणाल्या, "सहा वर्षांची नोकरी सोडून लोकांच्या भुवया कोरणार? स्थळांना काय सांगू?" काकांनी तर पुढचे बोलूच दिले नाही. "दुसऱ्याच्या पायांना हात लावायचं काम आपल्या घरात कोणी केलेलं नाही," एवढेच म्हणून ते उठले. पप्पा गप्प होते. रात्री दुकान बंद करून आल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "भांडवल किती? आणि जमलं नाही तर?" मुलीने कागद पुढे ठेवला. प्रशिक्षणाचे शुल्क, वर्षभराचा पुण्यातील खर्च, साहित्य, आणि शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'दीड वर्षात जमले नाही तर पुन्हा हिशेबाची नोकरी'. पप्पांनी बेरीज पुन्हा करून पाहिली. ती बरोबर होती.

खरी हरकत दादींची निघाली. प्रतिक्रमण त्यांना तोंडपाठ. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांची यादी म्हणताना त्या एका शब्दाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "केशवाणिज्य! हे त्यातच येतं ना गं?" मुलीकडे उत्तर नव्हते. चातुर्मास सुरू होता. दोघी स्थानकात गेल्या. महासतीजींनी अर्थ उलगडून सांगितला. केशवाणिज्य म्हणजे केस असलेल्या जिवांचा, माणसांचा आणि पशूंचा क्रयविक्रय. केस विंचरणे वा कापणे हा त्याचा अर्थ नव्हे. भगवान ऋषभदेवांनी लोकांना जी पाच मूळ शिल्पे शिकवली असे परंपरा सांगते, त्यांत कुंभार, लोहार, चित्रकार आणि विणकर यांच्या बरोबरीने नापिताचेही शिल्प आहे. मात्र लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, त्याच यादीत आहे, हेही त्यांनी लक्षात आणून दिले. व्यवसाय करावा की करू नये, यावर त्या काही बोलल्या नाहीत. साध्वी तसे सांगतही नाहीत. परतताना दादी रिक्षात म्हणाल्या, "शिल्प आहे म्हणजे शिकावं लागतं. नीट शीक."

पुढचे वर्ष शिकण्याचे होते. सौंदर्याचे काम म्हणजे हौस आणि थोडी हातचलाखी, ही समजूत पहिल्याच महिन्यात गळून पडली. त्या महिन्यात कात्री हाती आलीच नाही. त्वचेचे थर, केसाच्या वाढीच्या अवस्था, संसर्ग कसा पसरतो आणि कसा रोखता येतो, याचेच पाठ झाले. धातूची अवजारे दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे ठेवून निर्जंतुक करायची. केसांना रंग लावायचा तर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला आधी थोडा लावून ४८ तास वाट पाहायची. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहायचे, मग केसांच्या वाढीच्या दिशेने लावून उलट दिशेने ओढायचे. मधुमेह असलेल्या बाईच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. म्हणून पाणी फार गरम आहे का, हे तिला विचारून भागत नाही. आपला हात घालून पाहावे लागते, आणि तिच्या टाचेला पाते मुळीच लावायचे नसते. कार्यालयातील चूक नऊ आठवडे कोणाला कळली नव्हती. इथली चूक समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी उमटत होती. त्याची तिला भीती वाटे, आणि त्यातच समाधानही वाटे.

दुसरा अभ्यास तिचा तिनेच लावून घेतला. प्रत्येक डबीमागची बारीक अक्षरे ती वाचू लागली. लिपस्टिकमधील लाल रंग कधी कधी कोचिनील नावाच्या किड्यांपासून केलेला कार्माइन असतो, आणि डबीवर तो 'सीआय ७५४७०' एवढ्याच आकड्याने येतो. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यांचा स्राव. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघते. केरॅटिन शिंगे, खूर, पिसे वा लोकर यांपासून काढतात. अनेक मलमांत मधमाशीचे मेण असते. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर भारतात २०१४ मध्ये बंदी आली आणि तशा चाचण्या केलेल्या मालाची आयातही त्याच वर्षी थांबवण्यात आली. परंतु 'प्राण्यांवर चाचणी नाही' याचा अर्थ 'प्राणिज घटक नाही' असा होत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि डबी हातात घेऊन दोन्ही विचारावे लागतात. तिने वहीत दोन रकाने केले, चालणारे आणि न चालणारे. दुसऱ्या रकान्यात तिचे आवडते दोन रंगही गेले.

मेणाऐवजी साखरेचे वॅक्स करायचे ठरले. साखर, लिंबाचा रस आणि पाणी, इतकेच साहित्य. सुट्टीत घरी आल्यावर तिने प्रयोग मांडला आणि दोनदा पाक दगडासारखा झाला. मम्मी दारातून पाहत होत्या. वर्षभर त्या या विषयावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या वेळी त्या पुढे आल्या, आच मंद केली आणि म्हणाल्या, "वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघ. मऊ गोळी झाली की लगेच उतरव. पाकाला घड्याळ लावून चालत नाही." तो पाक जमला. मम्मींचे मत बदलले असे म्हणता येणार नाही, पण त्यांनी ती बरणी स्वतःच्या हाताने कोरड्या फडक्याने पुसून ठेवली.

प्रशिक्षण संपल्यावर घराच्या तळमजल्यावरील पोती ठेवण्याची खोली रिकामी करून दिली ती पप्पांनी. दोन खुर्च्या, एक पलंग, एक निर्जंतुकीकरणाचे यंत्र. त्या सुमारास, २२ सप्टेंबर २०२५ पासून, या सेवांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पप्पांनी लगेच विचारले, "खरेदीवरच्या कराची वजावट मिळते का?" मिळत नाही, हे मुलीला ठाऊक होते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हेही तिने सांगितले. कार्यालयातील सहा वर्षे अगदीच वाया गेली नव्हती. रोजचा जमाखर्च ती रोज रात्री लिहून पूर्ण करते, आणि आजूबाजूच्या तिघी व्यावसायिक बायका आता तिच्याकडून हिशेब लिहायला शिकतात.

दुकानाप्रमाणे या खोलीचेही काही नियम झाले. गोरे करून देण्याचे वचन द्यायचे नाही. गरज नसलेले फेशियल गळ्यात मारायचे नाही. त्वचेवर शंकास्पद काही दिसले तर काम थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचे. एक बाई मुलीच्या लग्नाआधी आठ दिवसांत रंग उजळून देण्याचा आग्रह धरून आल्या होत्या. नऊ हजारांचे काम होते. तिने नम्रपणे नकार दिला. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. सचोटीने गिऱ्हाईक वाढतेच असे नाही, कधी ते जातेही. हे पप्पांनी आयुष्यभर पाहिले होते. तिला ते पहिल्यांदा कळले. पहिल्या चार महिन्यांत खर्च वजा जाता महिन्याला सरासरी एकोणीस हजार हाती आले, म्हणजे पगारापेक्षा पंधरा हजार कमी. पप्पा आकडा पाहून म्हणाले, "नव्या दुकानाला तीन दिवाळ्या द्याव्या लागतात. ही तर पहिलीच."

मग ती ओळ पुन्हा समोर आली. एका चांगल्या घरातून विचारणा झाली होती. पत्रिका जुळली, फोटो आवडला. मुलगी सध्या काय करते, हे कळल्यावर मात्र फोन बंद झाले. मध्यस्थ घरी येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, "शेठ, कागदावर पुण्याची नोकरीच राहू द्या. सहा वर्षं केली होती, खोटं तर नाही. लग्न झालं की मग जे करायचं ते करू द्या." मम्मींनी मुलीकडे पाहिले. मुलीने पप्पांकडे पाहिले. काकाही तिथेच बसले होते.

पप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या दुकानातून नवा तांदूळ जुना म्हणून कधी गेला नाही. मग मुलीची जुनी नोकरी नवी म्हणून कशी लिहू?"

त्यांनी बायोडाटा मागवला. जुनी ओळ खोडली आणि व्यवहाराच्या वहीत लिहितात त्या स्वच्छ अक्षरांत नवी लिहिली, 'त्वचा व केस निगा सेवा. स्वतःचा व्यवसाय, नगर.' पार्लर हा शब्द गाळला का, असे मुलीने विचारले, तेव्हा त्यांनी कंसात तोही लिहिला.

स्थळ अद्याप ठरलेले नाही. दोन घरांनी बायोडाटा पाहून नकार कळवला. तिसऱ्या घरातील सासूबाईंनी उलट निरोप पाठवला, की मुलगी पाहण्याआधी तिची खोली पाहायला आवडेल. त्या येतील तेव्हा येतील. बायोडाटा मात्र ज्याला जातो त्याला त्याच ओळीसह जातो.

बुधवारची दुपार तिने वयस्क बायकांसाठी राखून ठेवली आहे. ज्यांचे हात आता डोक्यामागे पोहोचत नाहीत, ज्यांना वाकून स्वतःची नखे कापता येत नाहीत, अशा बायका येतात. कोणाला सून सोडून जाते, कोणाला नातू. पैसे निम्मे. पहिली खुर्ची दादींची. त्या काठी टेकत जिना उतरतात, ओळीत बसलेल्यांची विचारपूस करतात आणि वेणी घालून झाल्यावर पदराच्या गाठीतून नोट काढून नातीच्या हातावर ठेवतात. पहिल्या बुधवारी नातीने घ्यायला नकार दिला होता. तेव्हा दादींनी तिला दटावले, "घे. शिल्प आहे. फुकट करायचं नाही."