भरवेलीच्या मुलीला नागपूरहून

नागपूर

चि. ताई,


तुझं पत्र पोचलं. बीएस्सीचं चौथं वर्ष बालाघाटलाच करून थेट पीएचडीला जावं, की तिसऱ्या वर्षानंतर इकडे एमएस्सीला यावं, असं विचारलं आहेस. नियमाने दोन्ही जमतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. एमएस्सी केली तर ५५ टक्के पुरतात. पण भूगर्भशास्त्रात घाई नको, हे मी आग्रहाने सांगते. खडक ओळखणारी नजर पुस्तकातून येत नाही. हातोडी नि कंपास घेऊन उन्हात फिरावं लागतं, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघावे लागतात. एमएस्सीची दोन वर्षं त्यासाठीच असतात.

आणि तुझा विषय तर तुझ्या दारात आहे. भरवेलीची खाण ज्या मँगनीजच्या पट्ट्यात आहे, तोच पट्टा पुढे भंडारा, नागपूर, छिंदवाड्यात जातो. त्यातल्या एका खडकाला भूवैज्ञानिक फर्मोरने १९०९ साली ‘गोंडाइट’ नाव दिलं, आपल्या गोंड लोकांवरून. बालाघाट ज्या राज्यात होतं, त्याची राजधानीही १९५६ पर्यंत नागपूरच होती. आज मॉइल या मँगनीज कंपनीचं मुख्यालय, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय, सगळं या एका शहरात आहे. १९२३ सालच्या आमच्या विद्यापीठाला कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी सुमारे ३५ लाखांची देणगी ठेवली, तोही मँगनीजच्या खाणींतलाच पैसा. त्यावर १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. आपल्या भागातल्या खाणींचं धन असं शिक्षणात आलं, याचा मला फार अभिमान वाटतो. सागरचं विद्यापीठही या विषयात नावाजलेलं आहे, तिथे गेलीस तरी मी खूश. पण घर, खाण आणि प्रयोगशाळा एवढी जवळ दुसरीकडे नाही.

एक अडचण आहे, ती आईलाही सांग. मध्य प्रदेशचा जातीचा दाखला इथल्या आरक्षणाला चालत नाही आणि महाराष्ट्र सरकारच्या अधिछात्रवृत्त्या इथल्या रहिवाशांनाच मिळतात. म्हणून एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून सीएसआयआर नेटचा अभ्यास धर. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, आणि तिथे राज्य कुठलं हे कोणी विचारत नाही. नेटमध्ये नुसती पीएचडी प्रवेशापुरती पात्रता मिळाली तर ती एकच वर्ष टिकते, तेव्हा गाइड आधीच बघून ठेवायचा. गाइड निवडताना त्याच्या हाताखालची मुलं किती वर्षांत सुटली, हे त्या मुलांनाच विचार.

लग्नाचं आईने काढलंच असेल. पीएचडीला कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं असतात, आणि मुलींना वर दोन वर्षांची सवलत आहे. लग्न झालं म्हणून प्रबंध सोडावा लागत नाही, हे तिला माझ्या नावाने सांग.

गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र निकालानंतर लगेच काढून घे. खोली मिळेपर्यंत माझ्याकडेच राहा.

तुझी,
मावशी